न उसवलेला कोपरा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. त्यांच्या बाबतीत उपकार हा शब्दच आमच्याकडे वापरत नाहीत. त्यांच्यानंतर जे पहिलं नाव माझ्या तोंडी येतं, ते आमच्या घरात कुणालाच नीट उच्चारता येत नाही. फ्राऊ लिंडेमान. मनातल्या मनात मी त्यांना लिंडेमानबाई म्हणतो. जतच्या शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या सगळ्या जणी 'बाई' होत्या, आणि ज्यांच्यासमोर आपले हात आपोआप पाठीमागे जातात अशा कुणालाही दुसरं काही म्हणणं मला अजून जमलेलं नाही.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी त्यांचे हात आठवतात. मोठे, लालसर, हिवाळ्यात सालपटं निघालेले. सोमवार ते शुक्रवार त्या हातांना कसलंही मलम लावत नसत, कारण मलमाचा ओशटपणा जुन्या कापडाला लागतो. हातमोजे घालायच्याच, पण हातमोज्याच्या आत कसला हात आहे हेही कापडाला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. शुक्रवारी काम संपलं की त्या कपाटातून एक चपटी डबी काढायच्या, खुर्चीत बसायच्या आणि पूजेला बसल्यासारख्या शांतपणे एकेक बोट चोळत क्रीम लावायच्या. त्या वेळी कुणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. त्या गारठलेल्या खोलीत कॅमोमाइलच्या फुलांचा वास पसरला, म्हणजे आठवडा संपला.

एका लहान संग्रहालयात त्या जुन्या कापडांची निगा राखायच्या. संग्रहालय ब्राउनश्वाइगपासून रेल्वेनं फार लांब नव्हतं, आणि मी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. माझा विषय विणलेल्या कार्बन धाग्यांचा. अशा धाग्यांपासून गाड्यांचे आणि विमानांचे भाग बनवतात, आणि आतली वीण कुठे सरकली आहे का, हे क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रात बघतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील जतमध्ये दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होते. मी काय शिकतो असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "कापडाचा फोटो काढतो, आतनं." इतकं चांगलं मलाही सांगता आलेलं नाही.

एके दिवशी माझ्या प्रोफेसरांनी मला बोलावलं. त्या संग्रहालयाला आपल्या यंत्रात एक वस्तू तपासून हवी होती. आत बरंचसं कापडच आहे, तेव्हा हे काम तू बघ, असं ते म्हणाले. मी संग्रहालयाच्या डेपोत, म्हणजे वस्तू जपून ठेवायच्या कोठारात, गेलो. बाई मला एका लांब बोळातून घेऊन गेल्या, शेवटच्या दारापाशी थांबल्या आणि त्यांनी दारावर टकटक केली. दाराची किल्ली त्यांच्याच हातात होती. मी विचारलं, आत कुणी आहे का?

"अर्थात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर वाजवलं."

आत एक बाई होती. पेरूच्या समुद्रकाठच्या वाळवंटातून कुणा व्यापाऱ्यानं फार पूर्वी तिला जर्मनीत आणलं होतं, आणि त्याच्याही कित्येक शतकं आधी ती गेली होती. तिकडच्या कोरड्या वाळूत देह कुजत नाही, सुकतो. गुडघे छातीशी घेऊन बसलेली आणि डोक्यापासून पायापर्यंत कापडात गुंडाळलेली, अशी ती एका उंच खोक्यात होती. चेहरा दिसत नव्हता. दिसत होतं ते कापड, तपकिरी आणि सायीच्या रंगाच्या पट्ट्यांचं, जागोजागी दुसऱ्या कापडांचे तुकडे जोडलेलं. तिच्या उजव्या अंगाला बोरूची एक लांबट टोपली होती, तिच्याबरोबरच पुरलेली. टोपलीत सूत कातायच्या टकळ्या, पांढऱ्या आणि तपकिरी कापसाचे पेळू, काट्यांची एक फणी आणि एक हाडाची सुई. सुईत दोरा ओवलेला होता. इतक्या शतकांनंतरही तो सुईतून निघाला नव्हता.

त्या खोलीत 'ममी' हा शब्द चालत नसे. 'वस्तू' तर मुळीच नाही. बाई तिला 'डी फ्राऊ' म्हणायच्या, म्हणजे नुसतंच 'ती बाई', आणि तिच्याशी बोलताना जर्मनमधलं आदराचं 'झी' वापरायच्या, आपल्या 'तुम्ही'सारखं. सकाळी आल्यावर गुटन मॉर्गन. संध्याकाळी दिवा घालवताना बिस मॉर्गन, उद्या भेटू. शेजारच्या विभागातल्या एकानं गमतीनं तिला कुठलंसं नाव दिलं, तेव्हा बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि त्याला विचारलं, "तुम्ही तिच्या बारशाला होतात का?" त्या माणसानं पुन्हा नाव घेतलं नाही.

तिच्यासमोर खायचंही नाही. मी पहिल्याच आठवड्यात खिशातून बिस्किटाचा पुडा काढला, तर बाईंनी बोट दाराकडे केलं. कारण स्वच्छतेचं असणार, मुंग्या, उंदीर वगैरे, असं मी समजलो. ते होतंच. पण बोळात आल्यावर त्या म्हणाल्या की ज्याला आपण देऊ शकत नाही त्याच्यासमोर खाऊ नये. हे वाक्य मी आमच्या गल्लीत आईच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. जर्मनीत, जर्मनमध्ये, ते ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि बिस्किटं तशीच खिशात राहिली.

आईला मी हे काम फोनवर सांगितलं तेव्हा तिनं आधी ती बाई कुठली ते विचारलं. मग म्हणाली, "मढ्यापाशी जातूस, तर आंघोळ केल्याबिगर जेवू नगंस." डेपोत जायचा माझा वार गुरुवार; त्या दिवशी वसतिगृहात परतलो की मी आंघोळ करायचो. एकदा कॅन्टीनमध्ये बाईंनी माझ्या ताटात काहीच का नाही असं विचारलं, म्हणून मला हे सांगावं लागलं. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. चांगला नियम आहे. आमच्याकडे नुसतेच हात धुतात." मग त्यांनी विचारलं की आमच्या गावात लोक गेलेल्या माणसांशी बोलतात का. मी सांगितलं, बोलत नाहीत, पण वर्षातून एकदा जेवायला बोलावतात.

"आणि येतात?"

"कावळा येतो."

डेपोच्या मागं कचऱ्याच्या डब्यांवर कावळे नेहमीच बसलेले असत. त्या दिवसापासून खिडकीतून ते दिसले की बाई मला हाक मारायच्या आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "तुमच्याकडचे आलेत." कधी कधी त्या स्वतःच्या पावाचा तुकडाही घेऊन बाहेर जायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. कापडाची धूळ काढतानाही त्या आधी हे म्हणायच्या, 'आल्झो', म्हणजे 'तर मग', असं म्हणून घसा साफ करून, मंत्रासारखं. मला वाटायचं ही त्यांच्या धंद्याची शिस्त असेल. तशी ती होतीच. पण एकदा पाऊस पडत होता, त्यांची सायकल बाहेर भिजत होती आणि आम्ही दोघं तो थांबायची वाट बघत दारात उभे होतो, तेव्हा त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. आई गेली तेव्हा बाई दुसऱ्या शहरात कामाला होत्या. त्या पोचायच्या आधीच बहिणीनं एका दुपारी घर रिकामं केलं होतं. वाईट हेतूनं नाही, घरमालकाला जागा हवी होती. आईचा शिवणाचा पत्र्याचा डबाही त्यात गेला. "त्यातलं कुठलं बटण कुणाच्या सदऱ्याचं, हे मला पाठ होतं," त्या म्हणाल्या. "बहिणीला ती नुसती बटणं दिसली." मग पाऊस थांबला आणि त्या सायकलवर बसून गेल्या. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मलाही काढावासा वाटला नाही. पण पहिल्यांदा टोपलीतली सुई दाखवताना त्यांनी श्वास का रोखला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

सुईतल्या दोऱ्याचं मी आईलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "दोरा ववून ठेवलाय म्हंजे तिला परत बसायचं हुतं रं शिवायला." आणि मग, "आता आंघुळीचं ऱ्हाऊं दे. इतकी वर्सं झाली, कसलं सुतक. ती काय परकी हाय व्हय."

पेरूच्या त्या बाईला यंत्रासाठी ब्राउनश्वाइगला आणायचं ठरलं. गाडीवाल्यानं खोकं मागं आणि टोपलीची लहान पेटी पुढं ठेवायची तयारी केली होती. बाई म्हणाल्या, टोपली वेगळी जाणार नाही. त्यानं समजावलं, मापं दाखवली, पट्टे दाखवले. शेवटी बाई स्वतः मागच्या घडीच्या आसनावर बसल्या, पेटी मांडीवर आणि एक हात खोक्यावर. मी पुढं बसलो होतो. एका सिग्नलला मागं वळून पाहिलं तर त्या नव्या नवरीबरोबर निघालेल्या करवलीसारख्या दिसत होत्या, तशाच ताठ, तशाच जबाबदार.

तिला तिच्या देशात परत पाठवायचं नक्की झालं होतं. तिकडच्या संग्रहालयाशी आणि ती जिथली त्या किनाऱ्यावरच्या गावाशी बोलणं पूर्ण होत आलं होतं. बाईंना याचा आनंद होता, आणि एकच घोर होता. ती जाईल तेव्हा तिचं सगळं तिच्याबरोबर गेलं पाहिजे, मागं काही राहता कामा नये. त्यांची निवृत्ती त्याआधीच येत होती. मी गेल्यावर कोण बघणार, असं त्या मला नाही, खोक्याकडे बघून म्हणायच्या.

आणि यंत्रातून चित्रं आली, तेव्हा नेमकं तेच पुढं आलं. तिच्या बाहेरच्या कापडाच्या एका कोपऱ्यात, दोन पदरांच्या मध्ये, दाण्यांसारखं काहीतरी होतं. थोडेसेच दाणे, आणि चारी बाजूंनी टाके घालून बंद केलेले. संग्रहालयात कारीना नावाची एक तरुण संशोधक होती, हुशार आणि सरळ मनाची. तिचं म्हणणं असं की हा मका असावा. उंदरानं नेऊन ठेवला असेल, किंवा इकडे आल्यावर कधीतरी कापड दुरुस्त करताना आत गेला असेल. दोन टाके उसवून एक दाणा काढला तर तो कुठला, केव्हाचा, ती माणसं काय पिकवत होती, हे सगळं कळेल. ती परत गेली की पुन्हा संधी नाही. पुढच्या गुरुवारी बैठकीत निर्णय होणार होता.

चित्र पडद्यावर होतं तेव्हा मी तिथंच उभा होतो. ते काय आहे हे मला बघताक्षणी वाटलं होतं. पण मी यंत्राचा माणूस. वीण सरकली आहे का तेवढं सांगायचं माझं काम. तेवढंच मी सांगितलं.

त्या आठवड्यात मला ताप आला. मी डेपोत गेलो नाही म्हणून बाईंनी फोन केला, आणि संध्याकाळी सूपचा डबा घेऊन त्या माझ्या वसतिगृहाच्या खोलीत आल्या. मला इतकी थंडी वाजत होती की सूटकेसच्या तळाची वाकळ काढून मी अंगावर घेतली होती. ती आईनं निघताना कोंबून दिली होती. आजीची लुगडी, आईच्या साड्या, माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा एक तुकडाही तिच्यात आहे. इथं आल्यापासून मी ती कुणाला दिसू दिली नव्हती. बाकीच्या मुलांच्या पलंगांवर दुकानातल्या पांढऱ्या रजया होत्या.

बाईंनी सूप टेबलावर ठेवलं आणि त्या बाहेर गेल्या. मला वाटलं चालल्या. त्या हात धुवायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "परवानगी आहे?" मग पलंगाच्या कडेला बसून त्या वाकळ बघू लागल्या, टाक्यामागून टाका, त्या बाईचं कापड बघायच्या तशाच. कुणी केली, सुरुवात कुठून, शेवट कुठं, हे तुकडे कोणाचे. मी सांगत गेलो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की खाकी तुकड्याचंसुद्धा मी सांगतो आहे आणि मला लाज वाटत नाही. त्यांची बोटं एका कोपऱ्यापाशी आली आणि थांबली.

"इथं काय आहे?"

"ज्वारी," मी म्हणालो.

लहानपणी झोप येईपर्यंत मी तो कोपरा शोधून दाणे बोटांनी चिवडत पडायचो. आमच्याकडे वाकळ पुरी करताना शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत धान्याचे चार दाणे घालतात. आई घालते, आजी घालायची. मी हे सांगितलं आणि मग यंत्रातल्या चित्राबद्दल मला जे वाटलं होतं तेही सांगितलं. बाईंनी तो कोपरा पुन्हा बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, आईंना विचारता येईल का, असं का करतात?

मी व्हिडिओ कॉल लावला. आईनं आधी डोक्यावर पदर घेतला, मग सूप कशाचं आहे ते विचारलं, मग या बाईंनी स्वेटर का घातला नाही ते विचारलं. मी एकाचं दुसऱ्याला सांगत होतो, तापात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळत होत्या. शेवटी प्रश्न पोचला. आई म्हणाली, "उपाशी वाकळ ऊब देत न्हाई. आमची आजी म्हणायची बाबा. खरं-खोटं तिचं तिला ठावं."

बाईंनी ते माझ्याकडून दोनदा जर्मनमध्ये म्हणवून घेतलं. मग चष्मा काढला. "गुरुवारी हे तुम्ही सांगायचं. आणि ही बरोबर आणायची."

मी म्हणालो, लोक हसतील.

"हसू देत," त्या म्हणाल्या. "हसून झालं की ऐकतात. मी सांगितलं तर म्हातारीचा हट्ट म्हणतील आणि हसणारसुद्धा नाहीत."

गुरुवारी मी पिशवीतून वाकळ काढून बैठकीच्या लांब टेबलावर पसरली. कुणी हसलं नाही. मी जर्मनमध्ये अडखळत सांगितलं, कोपरा दाखवला आणि ज्याला बघायचं त्यानं हात लावून बघावं असं म्हणालो. कारीनानं हात लावला. मग तिनं विचारलं ते अगदी योग्य होतं. हे भारतातलं आहे, आणि आत्ताचं. ती बाई दुसऱ्या खंडातली, आणि कित्येक शतकांपूर्वीची. माझ्या आजीनं जे केलं ते तिच्या माणसांनी केलं असेल कशावरून? कशावरूनच नाही, असं मी सांगितलं.

तेव्हा बाई बोलल्या. "आल्झो. हा पुरावा नाही. हे थांबण्याचं कारण आहे. आतापर्यंत आपण धरून चाललो होतो की दाणे चुकून तिथं गेले. कुणीतरी ते मुद्दाम शिवून दिले असतील, ही शक्यता या टेबलावर नव्हती. आता आहे. मग ते तिच्या टोपलीसारखेच तिचे झाले."

"पण आपण नाही बघितलं तर आपल्याला कधीच कळणार नाही," कारीना म्हणाली.

"आपल्याला नाही कळणार. तिच्याकडच्यांना कळेल, त्यांना हवं असेल तर. उसवायचं की नाही हे घरच्यांनी ठरवावं."

संग्रहालयाचे संचालक वाकळीचा कोपरा चाचपून बघत होते. शेवटी त्यांनी तेच ठरवलं. कोपरा आहे तसा राहील, आत काय दिसलं ते तिकडे कळवायचं, पुढचं तिकडचे लोक बघतील. कारीनाला वाईट वाटलं होतं, ते तिनं लपवलं नाही. पण सगळे उठल्यावर वाकळीची घडी घालायला दुसरं टोक तिनंच धरलं, आणि माझ्याकडे चालत येऊन टोकाला टोक जुळवलं. आमच्या अंगणात आई आणि शेजारची काकू धुतलेल्या चादरीची घालतात, तशी.

मी बाईंचा ऋणी आहे तो या दिवसासाठी. परदेशात आल्यावर मी हळूहळू असा झालो होतो की घरचं काही सांगताना आवाज खाली जायचा. गिरणी, गल्ली, वाकळ, सगळ्यांचा आवाज खाली. बाईंनी मला उपदेश केला नाही. त्यांनी फक्त हात धुतले आणि परवानगी मागितली. आता मी जर्मनीतच एश्बॉर्नला नोकरी करतो, चांगल्या घरात राहतो, आणि वाकळ पलंगावर उघडी असते. पाहुणे विचारतात आणि मी सांगतो.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी स्वतः केक करून आणला, सगळ्यांना बाहेर बोळात दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आता तुम्ही मला 'डू' म्हणा. जर्मनीत मोठ्या माणसानं असं सांगणं हा मान असतो, आपल्या 'अरे-तुरे'त घेण्याचा. मी प्रयत्न केला. तोंडातून येईना. मी म्हणालो, आमच्याकडे बाईंना तू म्हणत नाहीत. त्या हसल्या, अगदी खांदे हलेपर्यंत. म्हणाल्या, "ठीक आहे. मी तिला झी म्हणते, तुम्ही मला झी म्हणा." मग त्या आत गेल्या, दिवा घालवला आणि रोजच्यासारखंच म्हणाल्या, बिस मॉर्गन. दुसऱ्या दिवशी त्या येणार नव्हत्या. पुढं ब्राउनश्वाइगला होतो तोवर दर गुरुवारी ते मी म्हणत राहिलो.

ती निघायच्या दिवशी हजर राहायचं बाईंनी ठरवलं होतं. पण त्याच्या थोडं आधी त्या सायकलवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. समुद्राकाठच्या एका पुनर्वसन केंद्रात त्यांना ठेवलं होतं, बहिणीच्या गावाजवळ. फोनवर त्यांचा आवाज बारीक झाला होता. तक्रार कसलीच नव्हती. एवढंच म्हणाल्या, "टोपलीबरोबर कोण चालेल?" मी म्हणालो, मी. "मग मला सगळं लिहा. क्रमानं लिहा. काही गाळू नका."

मी त्यांना लिहिलेलं पत्र जर्मनमध्ये होतं. इथं ते मराठीत देतो.

आदरणीय लिंडेमानबाई,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे क्रमानं लिहितो.

सकाळी आम्ही बोळातून गेलो तेव्हा पुढं कारीना होती. किल्ली तिच्याकडे होती. तिनं आधी दार वाजवलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

मग दिवा तिरपा धरून आम्ही कोपरा बघितला, तुम्ही शिकवलात तसा. सगळे टाके जागेवर आहेत. दाणे आत आहेत. टोपलीत टकळ्या, पेळू, फणी आणि सुई आहे. सुईत दोरा आहे. काही काढलं नाही.

काही घातलंही नाही, पण एक सांगतो, कारण तुम्ही गाळू नका म्हणालात. आईनं मला फोनवर बजावलं होतं की बाईमाणूस माघारी निघाली आहे, तिला रिकाम्या हातानं लावू नकोस, मूठभर धान्य दे. मी तिला तुमचा नियम सांगितला. ती जरा रागावली. मग तिची तीच म्हणाली की खरं आहे, तिची ओटी तिच्या माणसांनी तेव्हाच भरली आहे, त्यात आपण कशाला हात घालायचा.

टोपलीची पेटी गाडीपर्यंत मीच नेली, खोक्याच्या उजव्या बाजूनं चालत. गाडीत दोन्ही शेजारी ठेवली आहेत. या वेळच्या गाडीवाल्यानं काही वाद घातला नाही. मला वाटतं तुमची कीर्ती त्यांच्यात पसरली असावी.

दार लावताना बिस मॉर्गन म्हणणं बरोबर वाटलं नाही, कारण ते खरं झालं नसतं. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून आमच्या घरून पाहुणे निघतात तेव्हा आई उंबऱ्यात उभी राहून जे म्हणते ते मी म्हटलं. सावकाश जा, आणि पोचल्यावर कळवा. तुम्ही विचाराल, कुठल्या भाषेत? मराठीत. जर्मन तरी तिला कुठं येत होतं.

डब्यांवर तेव्हा कावळे होते. तुमच्या वाटचा पाव मी त्यांना घातला. आईनं तुम्हाला विचारलं आहे, आणि पायाला थंडी लागू देऊ नका असं सांगितलं आहे. ती नवी वाकळ शिवायला बसली आहे. कोणासाठी ते सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगत नाही. कोपरा अजून उघडा आहे.

ता. क. हे पत्र लिहून झालं तरी मी टपालपेटीत टाकलं नव्हतं, एक ओळ राहिली होती. आज सकाळी तिकडून निरोप आला. ती पोचली. टोपली तिच्या उजव्या हाताशी आहे.